लाल दिवा म्हणजे थांबा

काकांच्या हातात कॅमेरा यायच्या पंधरा दिवस आधी त्यांच्या तोंडात शब्द आले होते. ते शब्द आम्ही सगळ्यांनी पंधरा दिवस सोसले.

काका म्हणजे नानांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. चाळीसगावला रेल्वेत, सिग्नलच्या केबिनमध्ये नोकरीला. त्यांच्या एका मित्राचा भाऊ दुबईहून सुटीवर आला होता आणि त्यानं खांद्यावर घ्यायचा मोठा व्हिडिओ कॅमेरा आणला होता. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या साखरपुड्याला तो मागून आणायचं ठरलं. मित्र हुशार होता. त्यानं कॅमेरा आदल्या दिवशीपर्यंत दिला नाही, नुसतं त्याचं इंग्रजी माहितीपुस्तक दिलं. काकांनी ते डिक्शनरी मांडीवर घेऊन पाठ केलं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, असं ते सांगायचे. आम्ही विश्वास ठेवला.

मग ड्युटी संपली की पॅसेंजरनं जळगावला यायचे आणि पिंप्राळ्यातल्या आमच्या तीन खोल्यांत शिकवणी घ्यायचे. लाँग शॉट म्हणजे काय, क्लोजअप म्हणजे काय, पॅन कुठून कुठे करायचा, झूम किती हळू करायचा. आई स्टोव्हपाशी बसलेली असायची. तिला म्हणायचे, "वहिनी, तुमच्या मागं खिडकी आहे. बॅकलाईट येतो. तोंड काळं येईल."

"तोंड काळं व्हायला मी काय केलंय?" आई म्हणायची.

नाना मात्र भक्तिभावानं ऐकायचे. नाना डाळ मिलमध्ये मुकादम. चाळीस माणसांवर आवाज चढवणारा माणूस, पण कुणी इंग्रजी शब्द टाकला की लगेच खुर्ची पुढे करायचा. काकांना तेव्हा घरातली एकुलती हातांची खुर्ची मिळायची. नाना चहा बशीत ओतून द्यायचे, पंखा त्यांच्याकडे वळवायचे. कशासाठी? तर त्यांना 'व्हाईट बॅलन्स' हा शब्द येत होता.

आणि खरी गंमत अशी, की आमच्या घरात फोटो काढायचं काम खरोखर येणारं एक माणूस होतं. ती अक्का. अक्का जळगावातल्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढायची. वर्षभराचा कोर्स करून, रीतसर परीक्षा देऊन लागली होती. एक्स्पोजर किती द्यायचं, फिल्म डेव्हलपरमध्ये किती वेळ ठेवायची, फिक्सरमधून कधी काढायची, हे तिला घड्याळ न बघता कळायचं. तिच्या बोटांना फिक्सरचा आंबूस वास यायचा आणि दोन नखं कायमची पिवळी पडली होती. केळीच्या बागेत घसरून हात मोडलेली माणसं, कापसाच्या जिनिंगमध्ये बोटं चेंगरलेली माणसं तिच्यासमोर यायची. त्यांना ती म्हणायची, "हलू नका भाऊ. श्वास घ्या. रोखा. सोडा." बस, एवढेच तिचे शब्द. त्या शब्दांना कुणी खुर्ची देत नव्हतं. काका शिकवणी घ्यायचे तेव्हा चहा तीच करायची.

एकदा मात्र तिनं तोंड उघडलं. काका सांगत होते, की कॅमेऱ्याला पुढं एक छोटा लाल दिवा असतो. बटण दाबलं की लागतो, पुन्हा दाबलं की विझतो. लाल लागला म्हणजे कॅमेरा थांबला.

अक्का म्हणाली, "काका, उलट असेल. आमच्याकडे खोलीच्या दारावर लाल दिवा आहे. तो लागला म्हणजे आत एक्स्पोजर चालू आहे. लाल म्हणजे चालू."

काका हसले. ते हसू मला अजून आठवतं आणि अजून माझं डोकं फिरतं. "बेटा, बावीस वर्षं सिग्नल देतोय मी," ते म्हणाले. "अख्ख्या हिंदुस्थानात लाल म्हणजे थांबा."

"पण पुस्तकात काय लिहिलंय?"

"पुस्तकात सगळंच लिहिलेलं असतं," काका म्हणाले, आणि नाना म्हणाले, "चहा आण गं." तिथं तो विषय संपला.

आता साखरपुड्याचं सांगते. अक्काची एकच अट होती. लग्नानंतर नोकरी सुटणार नाही. या अटीपायी तीन स्थळं परत गेली होती. चौथं धुळ्याचं. मुलगा धुळ्यात एका कचेरीत कारकून. बघायला आले तेव्हा त्याच्या वडिलांनी पाच माणसांसमोर सांगितलं, "करू द्या की नोकरी. धुळ्यात काय दवाखान्यांना तोटा आहे?" मुलगा स्वतः अक्काला म्हणाला, की मला एक्स-रेचं फार कुतूहल आहे. अक्का त्या दिवशी किती खुशीत होती! तिनं धुळ्यातल्या एका दवाखान्यात पत्र टाकून जागेची चौकशीसुद्धा केली. नाना तिला म्हणाले, "मी शब्द घेतलाय त्यांचा. तू निश्चिंत राहा." आणि ती निश्चिंत राहिली.

साखरपुड्यात मुलाला देण्यासाठी बूट तिनं स्वतः निवडले. बदामी रंगाचे, बाजूला पितळी बक्कल असलेले, तिच्या स्वतःच्या पगारातून. दुकानात तासभर बसून तिनं ते उलटेसुलटे करून पाहिले होते. मी कंटाळून गेले होते.

माझंही इथंच सांगून टाकते. मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटी, बीए होऊन घरी बसलेली. थोरलीचं झाल्याशिवाय धाकटीचं बघत नाहीत. माझा स्थळांना दाखवायचा फोटो स्टुडिओतून काढून, कॅबिनेट साइझमध्ये, गालावरचा तीळ पेन्सिलीनं घालवून, वर्षभर कपाटात पडून होता. तिच्या एकेका नकारानं तो आणखी पिवळा होत होता.

साखरपुडा घरासमोर मांडव घालून झाला. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांचा बेत. पण त्या दिवशी भटजींना कुणी विचारलं नाही. सगळा कारभार काकांच्या हाती. त्यांनी पाहुण्यांना उन्हात वीस मिनिटं उभं केलं, कारण व्हाईट बॅलन्स करायला पांढरी वस्तू लागते आणि सगळ्यांत पांढरी वस्तू म्हणजे व्याह्यांची टोपी. व्याही टोपी सावरत ताठ उभे. काका एक डोळा मिटून टोपीकडे बघताहेत. मांडवाबाहेर शंभर लोक टोपीकडे बघताहेत. मग अक्काला कुंकू लावताना अंगठा मध्ये आला, म्हणून सासूबाईंना पुन्हा लावायला लावलं. "कट! वन मोअर!" दोन वेळा कुंकू, तीन वेळा पेढा. त्या पेढ्यानं अक्काचा घसा बसला.

काका मोठ्यानं म्हणायचे, "ॲक्शन!" आणि बटण दाबायचे, लाल दिवा विझायचा. काम झालं की पुन्हा दाबायचे, लाल दिवा लागायचा, आणि ते समाधानानं कॅमेरा वरच्या मुठीला धरून खाली सोडायचे. तो त्यांच्या गुडघ्याशी लोंबत राहायचा. अक्काची नजर दोनदा त्या दिव्याकडे गेलेली मी पाहिली. पण नवरीनं त्या दिवशी बोलायचं नसतं.

मी चहाचे ट्रे घेऊन पुढून मागे, मागून पुढे पळत होते. धावपळीत उजव्या पैंजणाची कडी निघाली. पैंजण टाचेवर लोळत होतं, पण वाकायला सवड कुणाला?

कॅसेट बघायचा कार्यक्रम पंधरा दिवसांनी, रविवारी ठेवला. व्हीसीआर भाड्यानं आणला. धुळ्याची मंडळी सकाळच्या एसटीनं आली. मुलगा, त्याचे आईवडील, आणि हट्टानं आलेली आजी. शेजारची चार घरं, त्यांची पोरं, सगळी मिळून तीसेक माणसं बाहेरच्या खोलीत दाटीवाटीनं बसली. दाराबाहेर चपलांचा खच पडला. काकांनी आधी बघून घेतलं नव्हतं. "मास्टर कॅसेट सारखी चालवायची नसते, हेड खराब होतं," असं त्यांचं म्हणणं. ते खुर्चीत बसले, खाकरले, आणि कॅसेट सुरू झाली.

पडद्यावर सतरंजी आली.

सतरंजी बराच वेळ राहिली. मग एक चप्पल आली. मग दोन चपला गेल्या. मग धोतराचा सोगा, एका पोराचा ढोपरापर्यंतचा पाय, कुणाच्या तरी पायाखाली चेंगरलेली बट्टी. मागून काकांचा आवाज, "रेडी, ॲक्शन!" आणि चित्र तुटलं. लगेच पुढचं चित्र: "कट! फार छान!" आणि पुन्हा सतरंजी.

लोक आधी गप्प बसले. मोठ्या माणसाचं काम, आपल्याला कळत नसेल, असं वाटलं असावं. शेवटी धुळ्याच्या आजीला राहवलं नाही. "हाई काय शे रे भाऊ?" ती म्हणाली. "बठ्ठा पायच दखाई ऱ्हायनात. मन्हं तोंड कोठे शे?"

"हा एस्टॅब्लिशिंग शॉट आहे आजी," काका म्हणाले. "पायापासून सुरुवात करून वर जायचं असतं."

पण चित्र काही वर जाईना. कुंकू नाही, पेढा नाही, अंगठी नाही. व्याह्यांची टोपीसुद्धा नाही, जिच्यासाठी शंभर माणसं उन्हात वाळली. पोरं खिदळायला लागली. "ते बघ आपल्या मास्तरांचे पाय!" काका घामाघूम झाले. कधी म्हणायचे ट्रॅकिंग बिघडलं, कधी म्हणायचे लेन्सचा अँगल. मला हसू आवरेना. खोटं कशाला बोलू, आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पंधरा दिवस खुर्चीत बसून चहा ढोसला ना, घ्या आता! मी तोंडात पदर कोंबला होता. अक्का स्वयंपाकघराच्या दारात चिवड्याच्या बश्या घेऊन उभी होती. तीही हसत होती.

मग चित्र मागच्या अंगणात आलं. धुण्याचा दगड, पाण्याची टाकी. जेवणानंतर नानांनी व्याह्यांना हात धुवायला आणि सुपारीला तिकडं नेलं होतं. पडद्यावर नानांच्या चपला, अंगठा शिवलेल्या. समोर व्याह्यांचे काळे जोडे. आणि आवाज अगदी स्वच्छ.

व्याही म्हणत होते, "बैठकीत नाही म्हणता येत नाही नाना. पण आमच्या घरची सून परक्या माणसांचे हातपाय धरून फोटो काढत बसणार नाही. हे आताच सांगून ठेवतो."

नानांचा आवाज आला, "मला कळत नाही का ते? पण आत्ता तिच्यापाशी विषय काढू नका. फार हट्टी आहे. एकदा अक्षता पडल्या की काय करणार आहे? आपोआप सुटेल."

"म्हणजे तुमची हरकत नाही."

"अहो, मुलगी तुमची झाली आता."

मग सगळ्यांत मोठा आवाज, कारण तो कॅमेऱ्याच्या सगळ्यांत जवळ होता. "मी समजावीन तिला. सुपारी घ्या." तो काकांचा.

काका ताडकन उठले. "ऑडिओ डिस्टर्ब येतोय," म्हणत व्हीसीआरकडे वळले.

"राहू द्या काका," अक्का म्हणाली. तिनं बश्या खाली ठेवल्या. "बंद करू नका. पॉज करा."

आणि काकांनी पॉज केलं. एवढं एक बटण त्यांनी बरोबर दाबलं.

चित्र थांबलं. वरून दोन पांढऱ्या रेघा थरथरत होत्या. अक्का माणसांतून वाट काढत टीव्हीपाशी गेली. फिल्म उजेडावर धरून बघताना ती मान जराशी डावीकडे कलती करायची आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न घाई करता बघायची. तशीच तिनं बघितली. मग काचेवर बोट ठेवलं.

"हे नाना," ती म्हणाली. "हे तुम्ही," व्याह्यांना. तिचं बोट थोडं सरकलं. त्या दोघांच्या मध्ये, जरा मागं, तिसरी जोडी होती. बदामी, बाजूला पितळी बक्कल. "आणि हे?"

ती दारापर्यंत गेली, त्या खचातून एक बूट उचलला, परत आली आणि टीव्हीसमोर स्टुलावर ठेवला. चित्रातला आणि स्टुलावरचा, दोन्ही एकच. बक्कलसुद्धा त्याच बाजूला.

"तुम्ही तिथं होतात," ती मुलाला म्हणाली.

त्यानं आधी वडिलांकडे बघितलं, मग स्वतःच्या मोज्यांकडे. "मोठी माणसं बोलत होती," तो म्हणाला. "मी मध्ये कसा बोलणार?"

"एवढंच विचारायचं होतं," अक्का म्हणाली.

नाना उठून उभे राहिले होते. मिलमधला आवाज काढायचा प्रयत्न त्यांनी केला. "अगं, तुझ्या भल्यासाठीच..." पण आवाज अर्ध्यावरच बसला. आई स्टोव्हपाशी होती, ती बाहेर आली आणि आयुष्यात पहिल्यांदा नानांना सगळ्यांसमोर म्हणाली, "बसा खाली." नाना बसले.

पण त्या सगळ्या वेळात मी दुसरंच बघत होते. सगळ्यांचे डोळे बुटांवर होते. माझे चित्राच्या उजव्या कडेला. तिथं, टाकीच्या कोपऱ्यापाशी, आणखी दोन पाय होते. बायकी पाय, जवळच उभे. उजवं पैंजण टाचेवर लोळलेलं.

होय, मी चहा घेऊन गेले होते. सगळं ऐकलं होतं, शब्दन् शब्द. व्याह्यांना कप दिला, नानांना दिला, त्या बदामी बुटांनाही दिला आणि ट्रे घेऊन परत फिरले. पंधरा दिवस अक्काच्या शेजारी झोपले. ती धुळ्याच्या दवाखान्याविषयी, तिथल्या नव्या मशीनविषयी बोलायची आणि मी हूं हूं म्हणायचे. मला घाई झाली होती हो, दुसरं काय? कपाटातल्या त्या फोटोची घाई. नानांनी फसवलं, काकांनी साथ दिली, तो बुळा मोज्यांकडे बघत बसला. त्या सगळ्यांना मी आजही शिव्या देते. पण त्या तिघांपैकी कुणी तिच्या अंथरुणाशेजारी झोपत नव्हतं.

मंडळी न जेवता निघाली. अक्कानं तो एक बूट दुसऱ्याशेजारी नेऊन ठेवला, रस्त्याकडे तोंड करून. आजी तेवढी तिच्या डोक्यावर हात ठेवून गेली. काका व्हीसीआरपाशी बसून पुटपुटत होते, की काही नाही, यावर दुसरं रेकॉर्ड करून टाकू, सगळं पुसलं जाईल. अक्कानं कॅसेट बाहेर काढली. तिच्या कडेला प्लास्टिकची एक बारीक पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. काकांनीच महिन्यापूर्वी, पुस्तकातून वाचून, आम्हाला ते सांगितलं होतं. अक्कानं केसातली पिन काढून पट्टी मोडली आणि कॅसेट आपल्या पिशवीत टाकली.

पुढं तिचं काही वाईट झालं नाही, हे सांगायला हवं. त्याच दवाखान्यात ती राहिली, एक्स-रेची मुख्य झाली. पाच वर्षांनी स्वतःच्या अटीवर लग्न केलं. माझंही झालं, तिच्या आधी. रीत मोडून नानांनी करून दिलं, तो कॅबिनेट साइझ दाखवून. माझ्या लग्नात व्हिडिओ नव्हता.

मात्र त्या रविवारी दुपारी ती घराबाहेर पडली, तेवढं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दोनची ड्युटी होती तिला. तिनं साडी बदलली, लुना काढली, पिशवी अडकवली. मी फाटकाशी गेले. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. फिल्म बघायची तसं, मान जरा कलती करून, वरपासून खालपर्यंत.

"उजव्या पैंजणाची कडी निघालीय," ती म्हणाली. "बसवून घे."

आणि लुना सुरू करून गेली.

मी खाली बघितलं. कडी मी आठवड्यापूर्वीच सोनाराकडून बसवून आणली होती. ती निघालेली होती फक्त कॅसेटमध्ये.